कोसा कपाटात, पाहुणा जंगलात

२०२५ ची रमजान ईद ३१ मार्चला, सोमवारी झाली. मालेगावचे आमचे साडू त्या वर्षी ईद आमच्याकडे करायची म्हणून कुटुंबासह चंद्रपूरला आले होते. त्यांची मुले, आमची मुले, नातवंडे आणि दोन म्हाताऱ्या खाला धरून घरात चौदा माणसे जमली. बाशी ईदला कुठेतरी फिरायला जायचे हा आपल्या घराघरातला जुना रिवाज आहे. मंगळवारी सकाळी उरलेला शीरखुर्मा संपवता संपवता साडूंनी विचारले, "भाईजान, तुमच्या गावात मुलांना दाखवायला काय आहे?"

आम्ही एका शब्दात सांगितले, "ताडोबा."

साडूंच्या थोरल्या मुलाने लगेच मोबाईल काढला. मंगळवारी ताडोब्याचा कोअर भाग बंद असतो. पुढच्या दोन दिवसांचे आरक्षण आधीच संपले होते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे चौदा माणसांना तीन जिप्सी, तीन गाईड आणि प्रवेशाचे पैसे वेगळे. साडू यंत्रमागवाले. त्यांनी तोंडी हिशेब केला आणि म्हणाले, "भाईजान, या पैशात आमचा एक जुना माग दुरुस्त होईल. दुसरे काही आहे का?"

आम्ही गप्प बसलो. आमची तिसरी पिढी या गावात कापड विकते, आणि या साध्या प्रश्नाला आमच्याजवळ जवाब नव्हता.

व्यापारी बंधूंनो, हा प्रश्न फक्त सहलीचा नाही, कारोबाराचा आहे. म्हणून या पानावर लिहीत आहोत.

त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही म्हणून आम्ही एक टेम्पो ठरवला आणि सगळ्यांना शहराचा परकोट दाखवायला निघालो. जटपुरा गेटमधून आम्ही रोज दोन वेळा जातो. तिथल्या गर्दीला शिव्या घालतो, हॉर्न वाजवतो आणि पुढे सरकतो. वर मान करून कधी पाहिले नव्हते. साडूंच्या आठ वर्षांच्या नातीने पाहिले. "नाना, हा शेर हत्तीच्या वर का उभा आहे?" आम्हाला उत्तर आले नाही. हत्तीला नमवणारा तो सिंह गोंड राजांचे राजचिन्ह आहे, हे आम्हाला त्याच रात्री एका शिक्षक मित्राला फोन केल्यावर कळले.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. दिल्लीचे बादशहा आम्हाला क्रमाने पाठ होते, आजही आहेत. पण ज्या भिंतीला लागून आमची शाळा होती, ती भिंत कोणी बांधली हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मराठी शाळेतल्या मित्रांना विचारले तर त्यांचीही गत तीच. चंद्रपूरचा परकोट सुमारे ११ किलोमीटरचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाने हे शहर वसवायला घेतले असे मानतात, भिंतीचे काम पुढच्या पिढ्यांनी पुरे केले. १७५१ मध्ये रघुजी भोसल्यांनी चांदा घेतले तोवर गोंडांचे राज्य इथे होते. राणी हिराईने आपला पती बीरशहाची समाधी बांधली, ती अंचलेश्वर दरवाज्याजवळ आहे. एवढी सुंदर इमारत आपल्या गावात आहे आणि पन्नाशी उलटल्यावर आम्ही ती पहिल्यांदा नीट पाहिली. खाला तर म्हणाल्या, बेवेने शौहरसाठी इमारत बांधली, ताजमहालाचे उलटेच झाले की!

लालपेठकडच्या त्या अवाढव्य दगडी मूर्तीही मुलांना फार आवडल्या. एका श्रीमंताचे मंदिर अर्धे राहिले आणि मूर्ती तिथेच पडून राहिल्या, अशी गोष्ट सांगतात. एकेक मूर्ती एवढी मोठी की मुले तिच्या पायाच्या बोटाशी आपले हात लावून माप घेत होती. संध्याकाळी रामाळा तलावावर बर्फगोळा खाऊन परत आलो. ताडोब्याच्या एका जिप्सीच्या खर्चात चौदा माणसांचा दिवस गेला.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही भिंत पाहण्याजोगी राहिली ती आमच्यासारख्यांमुळे नव्हे. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा काढायला सुरुवात केली आणि शेकडो दिवस ते काम चालवले. आमच्या दुकानासमोरून ही पोरे फावडी घेऊन जायची तेव्हा आम्ही म्हणायचो, यांना कामधंदा नाही काय? आज त्या शब्दांची लाज वाटते.

असो. आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. त्या दिवशी चौदा पाहुण्यांच्या खिशातून चंद्रपूरच्या बाजारात किती पैसा पडला? पाण्याच्या बाटल्या, बर्फगोळे, एक प्लास्टिकची बंदूक. साडूंच्या घरच्यांना नेण्यासाठी "इथली" अशी एखादी वस्तू हवी होती. ती आम्ही दिवसभरात कुठे दाखवू शकलो नाही. हे चौदा तरी शहरात आले. ताडोबाला येणारा देशविदेशचा पर्यटक बहुधा शहरात शिरतच नाही. तो नागपूरला विमानातून उतरतो, मोहर्ली, कोलारा किंवा नवेगावच्या गेटवर जातो, तिथल्या रिसॉर्टमध्ये राहतो, वाघ पाहतो आणि आल्या वाटेने निघून जातो. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, महाराष्ट्रातले पहिले. एवढ्या वर्षांत त्या पाहुण्याला गोल बाजारापर्यंत आणण्याचा विचार आपण व्यापाऱ्यांनी एकदाही एकत्र बसून केला नाही. गेटवरच्या दुकानात वाघाचे चित्र छापलेले टी-शर्ट मिळतात. ते बाहेरगावाहून गठ्ठ्यांनी येतात. म्हणजे वाघ आमचा आणि टी-शर्ट दुसऱ्याचा.

आणि आमच्याजवळ विकायला काय आहे? आमच्याजवळ कोसा आहे.

बाहेरचे लोक त्याला टसर म्हणतात. आमच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हा किडा वाढतो. ढिवर समाजाची माणसे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत जंगलात मुक्काम करून त्याची राखण करतात. पाखरे किडे टिपतात, मुंग्या लागतात, म्हणून दिवसभर गुलेर घेऊन झाडाखाली बसावे लागते. एवढे करून कोष हाती आला तर आला, नाहीतर मोसम गेला. गडचिरोलीत आरमोरीकडे आणि चंद्रपुरात सावली, नागभीड भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या सुताची करवती साडी होते. अंग कोशाचे, काठ सुताचा, आणि काठ जिथे अंगाला मिळतो तिथे करवतीसारखे दाते. ते दाते छापलेले नसतात, विणतानाच तीन धोटे वेगवेगळे फिरवून काठाचे सूत अंगाच्या सुतात अडकवावे लागते. यंत्रमागावर ते तसे निघत नाही. ही गोष्ट आम्ही म्हणत नाही, मालेगावचे साडू म्हणाले. आमच्या कपाटातली एक जुनी साडी त्यांनी उलटी करून, नख लावून, दहा मिनिटे पाहिली आणि म्हणाले, "हे हातानेच होते भाईजान, आम्ही नाही करू शकत."

या कापडाचे नाव आजचे नाही. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख केला आहे आणि त्याबरोबरच तिथे नक्षीदार कापड विणले जाते असेही लिहिले आहे. वैरागड म्हणजे आपल्या आरमोरी तालुक्यातले. हिरे संपले, किल्ला पडका झाला, पण कापड विणणारे हात त्या मुलुखात अजून आहेत. सावली हे खादीचेही मोठे ठिकाण होते. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले आणि गांधीजी स्वतः आले होते. करवती साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एवढा इतिहास दुसऱ्या एखाद्या गावाजवळ असता तर त्याने त्याचे सोने केले असते.

आम्ही काय केले ते आता सांगतो. सांगायला जड जाते.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पुण्याकडच्या एक बाई दुकानात आल्या. ताडोबा करून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून आल्या होत्या. त्यांना करवती साडी हवी होती. आमच्या कपाटात अस्सल करवती दोनच होत्या आणि त्या जुन्या, घडी पडलेल्या. आमच्या नोकराने सवयीप्रमाणे भागलपुरी माल काढला, त्यावर छापील दाते होते, आणि "हीच इथली करवती" म्हणून पसरला. आम्ही गल्ल्यावर बसून ऐकत होतो. थांबवले नाही. बाईंनी पदराचा एक धागा काढला, आगपेटी मागितली आणि धागा जाळला. अस्सल रेशीम जळले तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. हा धागा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. म्हणजे तो भागलपूरचा टसरसुद्धा नव्हता! आम्हालाही वरच्या व्यापाऱ्याने फसवले होते आणि आम्ही ती फसवणूक खाली ढकलत होतो. बाई काही बोलल्या नाहीत. ती काळी गोळी त्यांनी आमच्या गल्ल्यावर ठेवली आणि निघून गेल्या.

त्या दिवशी एका साडीचे नुकसान झाले नाही. त्या बाईंनी पुण्याला जाऊन जे सांगितले असेल, त्याचे नुकसान मोजता येत नाही. आणि सगळ्यात मोठे नुकसान नागभीडच्या विणकराचे, ज्याचा यात काही गुन्हा नव्हता.

म्हणून आमचे मत असे आहे की या दोन जिल्ह्यांत पाहुण्याला थांबवायचे असेल तर त्याला वस्तू विकण्याआधी ती बनताना दाखवली पाहिजे. येवल्याकडे पाहा. पैठणी घ्यायला जाणारे गिऱ्हाईक तिथे मागावर बसलेला विणकर पाहते. धागा मोजते, किती दिवस लागले विचारते आणि मग किमतीवर घासाघीस करत नाही. आपल्याच वरोऱ्याचे आनंदवन पाहा. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी ते सुरू केले. आज लोक तिथे सहली घेऊन जातात, हातांना बोटे नसलेली माणसे काम करताना पाहतात आणि तिथली वस्तू आनंदाने विकत घेतात. भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीची भांडी घडताना दिसतात. पाहणे आणि घेणे एकाच जागी असले की कारागिराला दलाल लागत नाही. अर्थात दलाल म्हणजे आम्हीच, हे आम्ही जाणतो.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यासमोर नागपूरचा अजब बंगला येतो. उर्दूत आम्ही त्याला अजायबघर म्हणायचो. १८६३ पासून तो आहे, आणि आमच्या शाळेची एकमेव सहल तिथेच गेली होती. काचेमागे ठेवलेले, धूळ बसलेले, "हात लावू नका" असे लिहिलेले. तसे अजायबघर सरकार बांधेल तेव्हा बांधो. आम्हाला हवे आहे ते दुसरे, मुलाने धोटा हातात धरून पाहावा असे ठिकाण. त्याला मोठी इमारत लागत नाही.

गडचिरोलीकडे हीच गोष्ट आणखी मोठ्या प्रमाणात दिसते. तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. त्याआधीपासून आमचे वालिद कापडाचे गठ्ठे घेऊन आलापल्ली, अहेरी, सिरोंचाच्या आठवडी बाजारांना जायचे. शाळेला सुट्टी असली की आम्हालाही न्यायचे. सिरोंचात गिऱ्हाईक तेलुगू बोलायचे आणि काठ रुंद मागायचे, भामरागडकडे रंग पाहून घ्यायचे, भाव नंतर. त्या प्रवासात आम्ही जे पाहिले ते आज लोक पैसे देऊन पाहायला येऊ शकतात, पण येत नाहीत. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडे तिथे दगड होऊन पडली आहेत. त्याच तालुक्यातल्या कोटा गावाच्या नावाने तिथला खडकाचा थर जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. नदीपलीकडे, आताच्या तेलंगणात, त्याच थरात एका प्रचंड डायनासोरची हाडे सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून त्याचे नाव बारापासॉरस टागोराय ठेवले. तो सांगाडा पाहायला आता कोलकात्याला जावे लागते. प्राणहितेच्या काठच्या पोरांनी तो पाहिलेला नाही.

कमलापूरला सरकारी हत्तींचा कॅम्प आहे. हेमलकसाला डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाताईंनी १९७३ पासून उभा केलेला लोक बिरादरी प्रकल्प आहे, तिथे जखमी आणि अनाथ जंगली जनावरे सांभाळलेली दिसतात. भामरागडला तीन नद्यांचा संगम आहे. मार्कंड्याच्या देवळांवरचे दगडी काम पाहून आमच्या ओळखीचे एक सुतार दोन तास तिथून हलले नाहीत. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवा, हुनर ओळखणारा हुनर ओळखतो. भीती होती ती बंदुकीची, आणि ती खोटी नव्हती. वालिदांनी त्या भीतीपोटीच पुढे भामरागडचा बाजार सोडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आता तिकडची वाट जास्त करून ट्रकांनी अडते. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे आलापल्लीच्या रस्त्यावर लहान मुलांना घेऊन तीन तास अडकलेला पाहुणा दुसऱ्यांदा येणार नाही, हे सरकारच्या लक्षात यायला हवे.

आमच्या या बोलण्यावर बाजारातले मित्र हसतात. म्हणतात, दुकानदारी सोडून तुम्ही अजायबघर कधी उघडता? माल रोज विकायचा की माग दाखवत बसायचे? त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. अस्सल करवतीत भांडवल अडकते, महिने महिने विकली जात नाही, आणि लग्नाच्या मोसमात गिऱ्हाईक चमकीच मागते. पण चमकीत आता आम्ही टिकणार आहोत काय? तोच माल तरुण मुली मोबाईलवर घरबसल्या मागवतात, आमच्यापेक्षा स्वस्त. मोबाईल जे दाखवू शकत नाही तेवढेच आमच्या हातात उरले आहे. रेशमाला सिल्क मार्क आणि हातमागाला हँडलूम मार्क लावण्याची सोय वीस वर्षांपासून आहे. आमच्या किती दुकानांत तो शिक्का आहे? आम्ही आमच्या दुकानापुरते सांगतो, एकाही साडीवर नव्हता.

बाशी ईदच्या त्या फिरण्यानंतर आम्ही दुकानाच्या माडीवरची दहा बाय बाराची खोली रिकामी केली. तिथे जुने खोके आणि तुटके पुतळे पडले होते. नागभीडकडचे एक वयस्क विणकर आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या घरी माग आहे, पण मुलगा नागपूरला सुरक्षारक्षक झाला आणि मागावर बसायला दुसरे कोणी नाही. त्यांना आम्ही विचारले, की आठवड्यातून दोन दिवस चंद्रपूरला येऊन मागावर बसाल काय? शनिवार आणि रविवार, म्हणजे ताडोब्याचे पाहुणे परततात तेव्हा. त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, मजुरी साडीमागे नको, दिवसाची हवी, कारण लोक प्रश्न विचारत बसले की काम पुढे जात नाही. ती आम्ही लगेच मान्य केली.

दुसरी अट त्यांनी जिना उतरताना सांगितली. "शेठजी, खाली तुमच्या अलमारीत तो छापील काठाचा माल राहीन, तर मी वर मागावर बसत नाई. लोक वर मले पाहतीन अन्‌ खाली तो माल घेतीन."

तो माल अजून कपाटात आहे, साधारण सव्वा लाखाचा. परत घ्यायला वरचा व्यापारी तयार नाही. थोरला मुलगा म्हणतो दिवाळीपर्यंत काढून टाकू, मग माग बसवू. विणकरबाबा दर जुम्याला दुपारी फोन करून विचारतात, "झाली काय अलमारी रिकामी?"